नकाशातलं हिरवं

थाटीपुर, ग्वाल्हेर
गौरी गेल्याचा दुसरा दिवस

प्रिय अंतरा,

आणि तुझ्या डोक्यावरून अष्टौप्रहर घिरट्या घालणाऱ्या त्या उपग्रहालाही यथायोग्य.

प्रथम तक्रार. ती गांभीर्याने घ्यावी, कारण तक्रारकर्ता तुझा जन्मदाता असून प्रश्न त्याच्या पायजम्याचा आहे. तू मागच्या खेपेला कौतुकाने माझ्या फोनवर घालून दिलेल्या तुमच्या पुराच्या नकाशात रविवारी सकाळी आपलं मेळ्याचं मैदान निळंशार दिसत होतं. म्हणजे पाण्याखाली. आधीचे दोन दिवस थेंब पडला नव्हता, पण पोटच्या पोरीचं शास्त्र खोटं कसं म्हणावं? तेव्हा मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, रबरी चपला घातल्या आणि फिरायला निघालो. मैदान ठणठणीत कोरडं. पोरं क्रिकेट खेळत होती, आणि मी तुझ्या मते तलावाच्या मधोमध उभा. योग्यांना पाण्यावरून चालण्याची सिद्धी मिळते म्हणतात, पण त्यासाठी बारा वर्षं तप करावं लागतं. मला ती तुमच्या संस्थेकडून फुकटात मिळाली. समोरून शेजारच्या सुमनताई आल्या, माझ्या उघड्या पोटऱ्यांकडे बघत म्हणाल्या, "काय हो बळवंतराव, कुठे पाण्यात उतरायचंय का?" मी म्हटलं, "उतरलोच आहे." घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर तिचा निकाल तयार होता: "पोरगी हैदराबादेत बसून तुम्हाला उल्लू बनवते आणि तुम्ही आनंदाने बनता."

तू मागे समजावलं होतंस ते मी विसरलेलो नाही. तुमचा हा उपग्रह ढगांच्या आडूनही पाहतो, कारण तो मुळात पाहतच नाही. तो हाक मारतो आणि ओ येते का ते ऐकतो. खडबडीत जमीन ओ देते. सपाट, निवांत पाणी ती हाक भलतीकडेच टोलवून देतं, वर काही परत येत नाही, आणि तुम्ही तेवढ्या भागाला पाणी म्हणता. रोलर फिरवलेलं मैदानही तितकंच मुकं, म्हणून तेही पाणी. आता आमच्या न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणता येतं, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण ओ आली नाही म्हणून पाणी आहे, हे कसलं अनुमान? मी हाक मारली की तुझी आईसुद्धा ओ देत नाही. म्हणून ती तलाव ठरत नाही.

इथवर गंमत होती. पण मैदानातून परत येताना एक विचार चपलेत खडा जावा तसा टोचायला लागला. अंधारात दोरीला साप समजणाऱ्याचा दृष्टांत आपल्याकडे हजार वर्षं चघळला जातोय. त्याचं सगळे हसं करतात, दिवा आणतात, त्याला शहाणा करून घरी पाठवतात. सापाला दोरी समजणाऱ्याचा दृष्टांत मात्र मला कुठे सापडला नाही. बहुधा तो माणूस सांगायला उरत नाही. जो उपग्रह कोरड्या मैदानाला पाणी म्हणतो, तो पाण्याला काय म्हणत असेल?

आणि हे विचारायला माझ्याकडे कारण आहे, त्याचं नाव पिपरौली. तुला ठाऊक आहे, कॉलेजात संस्कृतला विद्यार्थी कमी, म्हणून राष्ट्रीय सेवा योजना माझ्या गळ्यात बांधली आहे. ज्याला वर्गात माणसं मिळत नाहीत त्याला गावात नेऊन सोडावं, असा हा न्याय. डबऱ्याच्या पुढे, सिंध नदीच्या काठचं पिपरौली आम्ही गोद घेतलेलं आहे. (दत्तक म्हणायला हवं, पण इथे सगळे गोदच म्हणतात, आणि एवढं थोरलं गाव मांडीवर घेऊन मी बसलोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं.) तुमचा प्रयोग याच जिल्ह्यात यावा आणि तो तुझ्याच हाती असावा, हा योगायोग आईने देव्हाऱ्यापुढे साखर ठेवून साजरा केला होता. उपग्रहावरून पाऊस मोजायचा, जमीन किती भिजली आहे ते बघायचं, जुन्या पुरांची चित्रं त्यावर ठेवायची, आणि पुढच्या दोन दिवसांत सिंध कुठवर चढेल ते रंगांत दाखवायचं. लाल, पिवळं, हिरवं. लाल आलं की नदीलगतची खालची वस्ती, चाळीसेक घरं, पोराबाळांसकट उठवून गावामागच्या शाळेत न्यायची. शाळाच का, तर तुझ्या नकाशात ती हिरव्यात आहे.

हे गावाला पटवताना माझी काय गत झाली ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. संशय घ्यावा तो पिपरौलीने. सरपंच दौलतसिंह पहिल्याच बैठकीत म्हणाला, "मास्साब, जो ऊपर से पानी देख रहा है, वो ज़मीन भी देख रहा होगा. आज बाढ़ बताएगा, कल पटवारी भेजेगा." एका म्हातारीला खात्री होती की त्यांना शाळेत बसवून मागच्या मागे झोपड्या पाडणार. एकाने हळूच विचारलं की वरून घरात शिजतं तेही दिसतं का. शेवटी माझ्याकडचे सगळे युक्तिवाद संपले तेव्हा मी म्हटलं, अरे, हा नकाशा माझ्या मुलीने बनवलाय. बस. त्या दिवसापासून तो 'मास्साब की बिटिया का नक्शा' झाला. मग जुलैत सिंध चढली, तू म्हणाली होतीस तशी मारुतीच्या चौथऱ्यापर्यंत आली आणि तिथून पाया पडून परत गेली. तेव्हापासून पिपरौलीत तुझा शब्द वेदवाक्य आहे. मला तेव्हा किती बरं वाटलं ते विचारू नकोस. येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा मी तुझं नाव सांगितलं.

तर परवा मी शाळेच्या खोल्यांची कुलुपं उघडतात का ते बघायला गेलो होतो. सरकारी कुलुपांवर माझा विश्वास नाही. ती उघडली. मग ओसरीवर टेकून, मैदानाचा अनुभव ताजा होता म्हणून, फोनवर तुझा नकाशा काढला. शाळा हिरवी. शाळेच्या मागेही हिरवंच, त्यावर शेताची खूण, उभं पीक. मी मान वर केली, तर समोर मातीचा एक बांध, दोन पुरुष उंचीचा. शेताला एवढा बांध कशाला? म्हणून चढलो. अंतरा, तुझ्या त्या शेतात एक माणूस ट्रकच्या ट्यूबवर बसून तरंगत होता.

तो गावाचा ताल आहे, म्हणजे तलाव. काठोकाठ भरलेला, आणि या काठापासून त्या काठापर्यंत शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला. पानाला पान लागलेलं, पाण्याचा टिपूस दिसत नाही. वरून कुणी हाक मारली तर ही पानं बरोबर ओ देणार, पिकासारखी. शाळेच्या मागे मी याआधी कधी डोकावलोच नव्हतो. आता कळलं, कित्येक वर्षं त्याचा बांध फुटलेला होता, आत शेळ्या चरायच्या. २०२१च्या मोठ्या पुरात तो तसाच होता, म्हणून तुमच्या जुन्या चित्रांतही तिथे माळच असणार. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत बांध दुरुस्त झाला, ताल भरला, आणि शिंगाड्याचा ठेका भग्गू बाथमने घेतला. ट्यूबवर बसलेला तोच. मला पाहताच त्याने आधी सांगून टाकलं की ठेका त्याच्याच नावावर आहे आणि पावती घरी आहे. मी पावती मागितलेलीच नव्हती.

मग मी सांडवा पाहिला. ताल भरला की जादा पाणी निघून जायची ती वाट. ती वाळूच्या पोत्यांनी बुजवलेली, वर जाळी. विचारलं तर भग्गू म्हणाला, "पानी उतर गया तो बेल कीचड़ में बैठ जाएगी, पंडितजी. फिर एकादशी को क्या खाओगे, नक्शा?" त्याच्या बाजूने त्याचं खरं आहे, त्याचं वर्षाचं पीक पाण्यावर उभं आहे. पण शाळेकडच्या अंगाला बांधाच्या पायथ्याची माती ओली आहे. पाऊस नसताना ओली. कुणीतरी तिथे हौसेने अळू लावलंय आणि ते झकास फुटलंय. अळू कुठे फुटतं हे सांगायला उपग्रह लागत नाही.

नदी शाळेपर्यंत येणार नाही, हे तुझा नकाशा सांगतो आणि ते खरंही असेल. पण एक जोराचा पाऊस आला, तर नदीला भिऊन चाळीस घरं जिथे जाऊन बसणार, त्याच खोल्यांच्या उशाशी तो ताल आहे. तो फुटला तर दोन दिवस आधी इशारा वगैरे काही नाही. पोरांना पायात चपला घालायलाही वेळ मिळणार नाही.

मी तिथूनच दौलतसिंहाकडे गेलो. म्हटलं, सांडवा मोकळा कर, आणि इशारा आला तर माणसं शाळेत नको, हमरस्त्यावरच्या धर्मशाळेत ने. त्याने चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकलं, आणि मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "मास्साब, स्कूल हरा है. हरा मतलब सुरक्षित, आप ही ने तो सिखाया. अब आप अपनी ही बिटिया की बात काटोगे?" दुसऱ्या दिवशी एका कचेरीत गेलो, अर्ज दिला. तिथल्या बाबूनेही तोच नकाशा उघडला, तेच हिरवं दाखवलं, आणि मला विचारलं की मी कोणता विषय शिकवतो. संस्कृत म्हटल्यावर त्याने अर्जावर पेपरवेट ठेवला. संशय घ्यायला जन्मलेल्या गावाला मी विश्वास ठेवायला शिकवलं, आणि विद्यार्थी पहिल्यांदाच गुरूपेक्षा पुढे गेले.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, आठवतं? म्हटलं, अगं, शाळेमागे ताल आहे, शिंगाड्याने झाकलेला. तू म्हणालीस, "बाबा, जेवलात का?" संध्याकाळी सहा वाजता! तू मला लहानपणापासून रेल्वेचे सिग्नल, ग्रहणं, उपग्रहाच्या कक्षा, सगळं न विचारता समजावून सांगत आलीस. मी जेवलो की नाही याची तुला आजवर कधी फिकीर पडलेली मला आठवत नाही, आणि मी ती कधी अपेक्षिलीही नाही. मी पुन्हा ताल म्हटलं. तू म्हणालीस, "आईला द्या ना फोन." मी दिला. आणि मग खिडकीशी बसून राहिलो, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली होती.

जुलैच्या सुरुवातीला, सिंध चढायच्याही आधी, तू एकदा सहज फोन केला होतास. बोलता बोलता विचारलंस, "बाबा, तिकडे शिंगाड्याची पानं तलावावर पूर्ण कधी पसरतात?" मी म्हटलं, श्रावण सरता सरता. आई शेजारीच होती. पोरीला घरच्या शिंगाड्याची आठवण आली म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला, आणि दुसऱ्याच दिवशी पीठ दळायला टाकलं. मीही विरघळलो. पण अंतरा, तुला शिंगाडा आवडत नाही. प्रत्येक एकादशीला आईची पाठ वळली की तुझ्या ताटलीतला शिरा माझ्या ताटलीत यायचा. आणि तू शिंगाडे बाजारात कधी येतात असं विचारलंच नव्हतंस. पानं पाणी कधी झाकतात, असं विचारलं होतंस. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो की हाच शब्द का आला, दुसरा का नाही, हे विचारल्याशिवाय ओळ सोडायची नाही. आणि घरची ओळ मी लाडवाच्या पिठात बुडवून सोडून दिली.

आता माझा संशय कुठवर पोचलाय ते तुला कळलंच असेल. तो आणखी थोडा पुढे जातो, तेही लिहून टाकतो. शुक्रवारी इथे सिटी सेंटरला जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे तुमची बैठक आहे, तू तिकडून पडद्यावर बोलणार आहेस, सादरीकरणाच्या पहिल्या पानावर तुझं नाव आहे. ते पसंत पडलं तर सिंधच्या सगळ्या खोऱ्यात तुमचाच नकाशा चालेल. आईने पेढ्यांची ऑर्डर आधीच देऊन ठेवली आहे. पिपरौलीचा ताल चुकला असं म्हटलं, तर प्रश्न एका तालाचा उरत नाही. इकडे दोन गावांआड एक ताल आहे आणि प्रत्येकावर शिंगाडा आहे. सगळे पुन्हा तपासायला लागतील, बैठक पुढे जाईल. कदाचित तू वर सांगितलंही असशील, आणि कुणी म्हटलं असेल, शुक्रवार होऊ दे, मग बघू. कदाचित तुझ्या मनात नुसती शंका असेल आणि तू ती स्वतःलाच पुरती सांगितली नसशील. हे सगळं माझं अनुमान आहे, हातात पुरावा नाही. ते चुकीचं निघालं तर मैदानात पायजमा दुमडून उभा राहिलो तसा इथेही उभा राहीन. पोटभर हसून घे, आईला सांग, सुमनताईंनाही सांग.

पण हवामानाच्या बातम्या तू माझ्याहून आधी वाचतेस. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय आणि आठवड्याच्या शेवटी तो इकडे पोचेल म्हणतात. म्हणून हे पत्र शेजारच्या विनिताच्या हाती देतोय, ती उद्याच्या गाडीने हैदराबादला निघते आहे. आईचा डबा आणि माझं पाकीट स्टेशनवरून थेट तुझ्या हातात द्यायचं, असं तिला बजावलंय. डब्यात शिंगाड्याचे लाडू आहेत. खाल्ले नाहीस तरी चालेल, आईला आवडले म्हण. फोन करणार नाही, कारण फोनवर तू मला पुन्हा जेवणाचं विचारशील.

पत्र वाचून झालं की शुक्रवारची वाट न बघता आधी दौलतसिंहाला फोन कर. नंबर मागे लिहिला आहे. तो माझं ऐकत नाही, कचेरीही ऐकत नाही, तो तुझंच ऐकेल. एवढंच म्हण, काका, शाळा हिरवी नाही. भग्गूच्या पोत्यांचं आणि त्याच्या नुकसानीचं मी बघतो. आणि शुक्रवारी मी त्या बैठकीत मागच्या रांगेत असणार आहे, सेवा योजनेच्या वतीने. पडद्यावर पिपरौली आली की मी हात वर करून शाळेमागे काय आहे ते विचारीन. मला विचारावंच लागेल, पोरी. पण त्याआधी तू आपण होऊन सांगितलंस, तर माझा हात खालीच राहील. हवं तर माझ्यावर ढकल. सांग की बाप संशयी आहे, कोरड्या मैदानातही पायजमा दुमडून जातो, त्यानेच बांधावर चढून हे उकरून काढलं. पेढे मी परत करून येईन, हलवाई ओळखीचा आहे.

विनोद करायचे तेवढे करून झाले. मला त्या बांधाची भीती वाटते. पण बांधाचं काही करता येतं. पोती काढता येतात, माणसं हलवता येतात. उपग्रहावरही माझा राग नाही. पानांखालचं पाणी त्याला दिसलं नाही, त्याला तो बिचारा काय करणार? मला रात्री झोप लागत नाही ती एवढ्यासाठीच, की तुला ते दिसलं होतं.

तुझाच,
बाबा